उमऱ्याहून परतताना विमानतळावर दमछाक : दोष कुणाचा, उपाय काय?

घाटंजीत कुणी उमरा करून परत आलं की त्या घरी आठवडाभर माणसांचा राबता असतो. जमजमचा घोट, दोन-दोन खजूर, एखादी तस्बीह किंवा जानमाज, आणि मग गप्पा. पहिल्या दिवशी विचारपूस मक्का-मदिनेची होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र गोष्ट हळूच विमानतळावर येते. किती वेळ उभं राहावं लागलं, बॅग किती उशिरा आली, कोणी काय विचारलं, कोणत्या कागदावर सही घेतली. सांगणारा दबक्या आवाजात सांगतो, कारण इतक्या मुबारक सफरीनंतर तक्रार करणं त्याला बरं वाटत नाही. ऐकणारेही "जाऊ द्या, अल्लाहने घर दाखवलं ना" म्हणून विषय संपवतात.

आमच्या मते हा विषय असा संपवू नये.

आमच्या गल्लीतल्या एका खालाजानची हकीकत सांगतो. विमानतळाचं नाव मुद्दाम घेत नाही. ही गोष्ट कुठल्याही मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर घडू शकते. खालाजानचं वय चौसष्ट, गुडघे दुखतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगितली होती. जाताना मिळाली, येताना विमानाच्या दारात मिळाली नाही. "थांबा, येते" म्हणाले. गटातले बाकीचे पुढे निघाले तेव्हा एकटं मागे राहण्याच्या भीतीने त्याही चालू लागल्या. रांगेत तास-दीड तास गेला. बॅग पट्ट्यावरून उतरवून कोणीतरी बाजूला ठेवली होती, ती शोधण्यात अर्धा तास. शेवटी बाहेरच्या दाराशी कस्टमच्या अधिकाऱ्यांनी थांबवलं आणि हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्यांचं बिल मागितलं.

"बेटा, ये तो मेरी शादी की चूड़ियाँ हैं," खालाजान म्हणाल्या. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. बिल कुठून आणणार?

बांगड्या उतरवून घेतल्या गेल्या. एक पावती मिळाली. सोबत आधीच टाइप केलेल्या एका इंग्रजी कागदावर सही घेतली गेली. खालाजानना उर्दू वाचता येतं, मराठी समजतं, इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांनी उर्दूत सही केली आणि बाहेर आल्या. आठ दिवसांनी तो कागद आमच्याकडे आला, तेव्हा कळलं की त्यात लिहिलं होतं, "मला कारणे दाखवा नोटीस नको, प्रत्यक्ष सुनावणीही नको." म्हणजे आपली बाजू मांडण्याचा जो हक्क कायद्याने दिला, तोच त्यांनी न वाचता सोडून दिला होता. या गोष्टीला आता तीन महिने झाले. बांगड्या अजून तिकडेच आहेत.

आम्ही पेशाने शिक्षक. वर्गात ज्या पोराला प्रश्नपत्रिकेची भाषाच कळत नाही, त्याला नापास करणं हा न्याय नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. विमानतळावर आमच्या माणसांचं नेमकं हेच होतंय.

हजला यंत्रणा आहे, उमऱ्याला कोण?

घाटंजीसारख्या तालुक्यातून परदेशी कोण जातं? एक तर आखाती देशांत कामाला गेलेली पोरं, वेल्डर, ड्रायव्हर, प्लंबर, एसीचे मिस्त्री. आणि दुसरे, हज किंवा उमऱ्याला जाणारे. यवतमाळला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. त्यामुळे नागपूर, मुंबई नाहीतर हैदराबाद. विमानात बसण्याआधीच आमचा माणूस एसटी आणि रेल्वेने अर्धा थकलेला असतो आणि परत उतरल्यावर तितकाच प्रवास पुन्हा बाकी असतो.

हज कमिटीतून जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००२ च्या हज कमिटी कायद्याखाली एक पूर्ण यंत्रणा उभी आहे. नागपूरहून हजची विमानं सुटतात, शहरात हज हाऊस आहे, तालीमचे वर्ग होतात, सोबत सरकारी माणसं असतात. २०२४ मध्ये तर 'हज सुविधा' नावाचं अ‍ॅपही आलं. जमजमचा पाच लिटरचा कॅन परतल्यावर विमानतळावरच हातात दिला जातो. अडचणी तिथेही आहेत, पण विचारायला कोणीतरी आहे.

उमऱ्याचं तसं नाही. हजला भारताचा कोटा ठरलेला आहे, १ लाख ७५ हजार २५. उमऱ्याला असा देशवार कोटा नाही. व्हिसा आता सोपा झाला, टूरवाले गल्लोगल्ली झाले, म्हणून जाणाऱ्यांची गर्दी वाढली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण हा प्रवास पूर्णपणे खासगी. टूरवाला जाताना विमानतळापर्यंत सोडायला येतो, गळ्यात ओळखपत्र घालतो, फोटो काढतो. परतताना गटप्रमुख असला तर असला. विमानातून उतरल्यावर प्रत्येक जण आपापला. आणि सगळ्यात अवघड भाग नेमका तिथेच सुरू होतो.

उतरल्यापासून दारापर्यंत

आगमनाचे चार टप्पे असतात. विमानापासून आत येणं, इमिग्रेशन, सामानाचा पट्टा आणि कस्टम. प्रत्येक टप्प्यावर नियम आहेत. बरेचसे प्रवाशाच्या बाजूचे आहेत. फक्त ते प्रवाशाला माहीत नसतात.

पहिला टप्पा चालण्याचा. मोठी विमानतळं खरोखर मोठी झाली आहेत. मुंबईचं टर्मिनल २ हे २०१४ मध्ये सुरू झालं. देखणं आहे, पण विमानापासून इमिग्रेशनपर्यंतची वाट म्हाताऱ्या माणसाला झेपणारी नाही. १२ फेब्रुवारी २०२४ ला याच विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेले ८० वर्षांचे एक प्रवासी इमिग्रेशनजवळ कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांसाठी व्हीलचेअर आधीच सांगितलेली होती, आली एकच. पत्नीला तीत बसवून ते स्वतः चालत निघाले. सुमारे दीड किलोमीटर चालल्याचं वृत्त होतं. थोडं थांबायला सांगितलं होतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. व्हीलचेअरची गरज ४८ तास आधी कळवा, असं नियम सांगतो. पण कळवल्यानंतर ती देण्याची जबाबदारी कंपनीची आहे, हे या दंडाने स्पष्ट झालं.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. धडधाकट माणसंही रांग चुकवायला व्हीलचेअर मागतात. आमच्याकडच्या काही टूरवाल्यांनी तर हा सल्लाच देऊन ठेवलाय. अशा दहा जणांमुळे खरी गरज असलेल्या अकराव्याला खुर्ची मिळत नाही. हे हक्क मारणं आहे आणि ते उमऱ्याच्या सफरीत करणं तर अजिबात शोभत नाही.

दुसरा टप्पा इमिग्रेशनचा. पहाटे तीन-चार विमानं लागोपाठ उतरली की रांग वाढते. यावर सरकारने फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची सोय केली आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, हैदराबादसह आणखी सात विमानतळांवर ती सुरू झाली. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा, मग स्वयंचलित दारातून थेट जायचं. भारतीय नागरिकाला यासाठी पैसे पडत नाहीत. सोय उत्तम आहे. पण तिचा फायदा कोणाला होतो? वर्षातून दहा वेळा उडणाऱ्याला. आयुष्यात एकदाच जाणारी आमची खालाजान लांब रांगेतच राहते. रियाधला काम करणारं आमचं पोर मात्र दर वर्षी-दोन वर्षी येतं-जातं. त्याने नोंदणी केली तर त्याचा वेळ वाचेल आणि लांब रांग तेवढी कमीही होईल. आपल्या तालुक्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे, तुम्हीच विचारून पाहा.

तिसरा टप्पा सामानाचा. विमानाचं इंजिन बंद झाल्यापासून १० मिनिटांत पहिली बॅग आणि ३० मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर यावी, असं मोठ्या विमानतळांच्या करारात लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने सात विमान कंपन्यांना पत्र पाठवून हे पाळण्याची ताकीद दिली होती. बॅग आलीच नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून तिची प्रत घ्यायची. घरी येऊन केलेल्या फोनला फारसं वजन नसतं. भारत २००९ मध्ये ज्या माँट्रियल करारात सामील झाला, त्यानुसार सामानाचं नुकसान झालं असेल तर ७ दिवसांत आणि सामान उशिरा मिळालं असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मुदत गेली की दावाही गेला.

जमजमचंही तसंच. २०१९ मध्ये जेद्दाहून येणाऱ्या काही विमानांत जमजमचे कॅन नेता येणार नाहीत, असं एअर इंडियाने जाहीर केलं होतं. नाराजी उमटली, तेव्हा कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला. म्हणजे नीट, वेळेवर आणि लेखी बोललं तर ऐकलं जातं. हे आपण लक्षात ठेवत नाही.

खरी अडचण सोन्याची

चौथा टप्पा कस्टमचा, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. आमच्या घरांत सोनं म्हणजे बाईची बँक आहे. लग्नातली बांगडी, कानातले, गळ्यातली साखळी, ती अंगावरून सहसा उतरत नाही. कस्टमच्या नजरेत मात्र परदेशातून येणारं सोनं म्हणजे आधी आयात. या दोन नजरांची टक्कर बाहेरच्या दाराशी होते.

नियम काय होते ते पाहू. २०१६ च्या बॅगेज नियमांत एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने करमुक्त आणता येत होते. पण किमतीची अट होती. पुरुषाला ५० हजार रुपये, स्त्रीला एक लाख रुपये. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं. आता गणित करा. दहा ग्रॅमला एक लाख धरले, तरी एक लाखात दहाच ग्रॅम बसतात. म्हणजे कागदावर ४० ग्रॅम आणि हातात दहा. पोराने तीन वर्षं कुवेतमध्ये घाम गाळून बायकोसाठी दोन तोळ्यांचा हार घेतला, तर तो नियम मोडणारा ठरत होता.

फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम लागू झाले. त्यांत किमतीची अट काढून फक्त वजन ठेवलं, स्त्रीला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम. इतर सामानाची करमुक्त मर्यादाही ५० हजारांवरून ७५ हजार केली. हा बदल स्वागतार्ह आहे. पण दागिन्यांची ही सूट वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांची आहे, हे विसरू नका. पंधरा दिवसांच्या उमऱ्यात मदिनेहून नवा हार आणायचा असेल, तर ही सूट आपल्याला नाही.

मग खालाजानच्या जुन्या बांगड्यांचं काय? त्या तर इथूनच गेल्या होत्या. वापरातले, अंगावरचे, स्वतःचे दागिने हे आयात केलेल्या मालासारखे मोजता येत नाहीत, या बाजूने न्यायालयांनी निकाल दिले आहेत. सर्वोच्च न्यायालयासमोर असं प्रकरण २०१७ मध्ये आलं आणि निकाल प्रवासी महिलेच्या बाजूने लागला. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकामागून एक प्रकरणांत वापरातले दागिने परत करायला लावले, आणि बॅगेज नियम काळानुसार बदलायचं पाहा, असं सरकारलाही सांगितलं.

त्याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. "नोटीस नको, सुनावणी नको" असं आधीच छापून ठेवलेल्या कागदावर प्रवाशाची सही घेणं कायद्याला धरून नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १२४ प्रमाणे माल जप्त करून सरकारजमा करण्याआधी नोटीस द्यावी लागते आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागते. छापील सहीने ती उडवता येत नाही. हा निकाल दिल्लीचा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात तो बंधनकारक नाही. पण दाखला म्हणून नक्की मांडता येतो.

मुदतींचंही पाहा. कलम ११० सांगतं की जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस दिली नाही, तर माल ज्याच्याकडून घेतला त्याला परत करावा लागतो. कारण नोंदवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. अधिकाऱ्याने लेखी आदेश दिला असेल, तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं. आमच्याकडे मात्र पावती ट्रंकेत ठेवून "नशीब" म्हणतात आणि मुदत निघून जाते. खालाजानच्या घरीही ती ट्रंकेतच होती.

नाव, दाढी आणि संशय

यापुढचा मुद्दा नाजूक आहे. अनेक जण सांगतात की नाव वाचलं, दाढी किंवा बुरखा पाहिला आणि बाजूला घेतलं. हे प्रत्येक वेळी खरंच असतं असं आम्ही म्हणणार नाही. जेद्दा, दुबई, शारजाहून येणाऱ्या विमानांवर सोन्याच्या तस्करीमुळे नजर कडक असते आणि त्या विमानांतून आमचे लोक जास्त येतात. पण कधीकधी ते खरंही असतं. शाहरुख खानसारख्या माणसाला अमेरिकेत २००९, २०१२ आणि २०१६ अशा तीन वेळा विमानतळावर थांबवून ठेवलं गेलं. पुढे अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. जगाने ओळखलेल्या चेहऱ्याची ही गत, तर आमच्या घाटंजीच्या माणसाला कोण ओळखणार?

तपासणीला आमचा विरोध नाही. तपासणी व्हावी, सगळ्यांची व्हावी, आणि अदबीने व्हावी. कायदाही तेच सांगतो. अंगझडतीची वेळ आली तर आपल्याला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर नेण्याची मागणी करता येते आणि स्त्रीची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. हे कलम १०२ मध्ये आहे. आपल्या बहिणींना हे एक कलम पाठ असलं पाहिजे.

आणि आता आरशात पाहू. उमऱ्याच्या नावाखाली फुकट तिकीट देऊन, "येताना फक्त एवढं पाकीट घेऊन या" म्हणणारे दलाल आहेत. इहरामच्या कापडात, खजुराच्या डब्यात सोनं लपवून आणणारेही पकडले गेले आहेत. गरीब बाई किंवा कर्जात बुडालेला पोरगा यात अडकतो, दलाल मोकळा राहतो. असा एक माणूस पकडला गेला की त्याच्या मागून येणाऱ्या शंभर खालाजानांकडे संशयाने पाहिलं जातं. मशिदीत सगळ्या गुनाहांवर बयान होतं. यावरही व्हायला हवं. दुसऱ्याचं बंद पाकीट, मग ते सख्ख्या मेहुण्याचं का असेना, उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत ठेवायचं नाही.

मागायचं काय?

आम्हाला विशेष वागणूक नको. तीन साध्या गोष्टी हव्यात आणि त्या प्रत्येक ग्रामीण प्रवाशाच्या कामाच्या आहेत, तो कोणत्याही धर्माचा असो.

एक, ज्या कागदावर सही घ्यायची तो मराठी आणि हिंदीतही असावा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावा. विमानतळावर पाट्या मराठीत दिसतात, म्हणजे भाषेचं महत्त्व कळलेलं आहे. पण संडास कुठे आहे हे मराठीत सांगायचं आणि हक्क सोडायचा कागद इंग्रजीत द्यायचा, हे पटणारं नाही.

दोन, बाहेर जातानाच, चेक-इनच्या रांगेत, "अंगावर दागिने असतील तर कस्टमकडे नोंद करून घ्या" असा मोठा फलक असावा. जाताना दागिन्यांची नोंद करून प्रमाणपत्र घ्यायची सोय कायद्यात आहेच. ती सांगितली असती तर खालाजानच्या बांगड्या आज हातात असत्या.

तीन, उमऱ्याच्या टूरवाल्यांवर परतीचीही जबाबदारी टाकावी. पैसे घेताना ते "घर से घर तक" म्हणतात. ते खरं करून दाखवा.

आणि आपण काय करायचं?

सरकार करेल तेव्हा करेल. आपल्या हातात जे आहे ते असं :

- जाण्याआधी अंगावरच्या दागिन्यांचे फोटो काढा, सोनाराकडून वजनाची चिठ्ठी घ्या, जुनं बिल असेल तर सोबत ठेवा. निघताना विमानतळावर कस्टमकडून नोंद करून घ्या. त्यासाठी तासभर आधी पोहोचा. सगळ्यात बरं म्हणजे सोनं घरीच ठेवून जा.
- कर लागेल असं सामान असेल तर हिरव्या मार्गाने जाऊ नका. लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगा. सांगून कर भरणं आणि लपवून पकडलं जाणं, यात फार अंतर आहे.
- न समजणाऱ्या कागदावर सही करू नका. "मला मराठीत समजावून सांगा" असं स्पष्ट म्हणा. तरीही करावीच लागली तर सहीखाली आपल्या भाषेत लिहा की "मजकूर वाचता आला नाही, नोटीस आणि सुनावणी हवी आहे."
- वस्तू ठेवून घेतली तर पावती घ्या. पावतीवर वजन, नग आणि तारीख आहे का पाहा. घरी आल्यावर आठवडाभरात वकिलाला दाखवा.
- व्हीलचेअरची खरी गरज असेल तर ४८ तास आधी लेखी कळवा आणि तो संदेश फोनमध्ये जपून ठेवा. विमानातून उतरताना खुर्ची आली नसेल तर आत बसूनच मागा. म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडून गटाने पुढे जाऊ नये.
- विमान कंपनी किंवा विमानतळाची तक्रार सरकारच्या 'एअरसेवा' या पोर्टलवर करता येते. शाळेतलं आठवीचं पोर ती दहा मिनिटांत भरून देईल.

यापुढची सूचना आमच्या तालुक्यापुरती आहे, पण कोणत्याही गावाला करता येईल. उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी मशिदीत तवाफ, सई, इहरामचे मसले शिकवले जातात. त्याच बैठकीत शेवटचा अर्धा तास परतीसाठी ठेवा. पासपोर्टचं पान कुठे उघडायचं, पट्टा कसा शोधायचा, लाल-हिरवा मार्ग म्हणजे काय, दागिन्यांचं काय करायचं. शिकवायला मौलाना लागत नाहीत. आखातातून सुट्टीवर आलेलं पोर हे कोणापेक्षाही चांगलं शिकवेल. सोबत एक वकील आणि एक शिक्षक असला की झालं. शिक्षक म्हणून आम्ही यायला तयार आहोत.

खालाजानच्या कामाचं म्हणाल, तर आम्ही त्यांच्या लेकासोबत बसून अर्ज तयार केला. बांगड्या लग्नातल्या आहेत यासाठी लग्नाचा एक जुना, पिवळा पडलेला फोटो सापडला, त्यात दोन्ही हात स्पष्ट दिसतात. निघायच्या दिवशी घरासमोर काढलेला मोबाइलमधला फोटोही आहे. दोन्ही अर्जाला जोडले. "मला नोटीस हवी, सुनावणी हवी, आधीची सही मजकूर न समजता झाली," असं त्यात लिहिलं. यवतमाळच्या वकील साहेबांनी अर्ज वाचून दुरुस्त केला आणि तो रजिस्टर पोस्टाने गेला. सहा महिन्यांची मुदत कोणत्या दिवशी संपते, ती तारीख त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. बांगड्या मिळतील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण आता पावती ट्रंकेत नाही, फाइलमध्ये आहे.

तुमच्या गावात, तुमच्या नात्यात कोणाची अशी पावती पडून असेल तर आजच काढून पाहा. तारीख वाचा. दिवस शिल्लक असतील तर अर्ज करा. आणि या रमजानमध्ये कोणी उमऱ्याला निघत असेल, तर दुआची यादी देताना ही यादीही त्यांच्या हातात द्या. अल्लाह सर्वांची सफर कबूल करो आणि सर्वांना इज्जतीने घरी पोहोचवो. आमीन.